पोर्ट उघडूनही आवाज बाहेर का जात नाही? घरच्या संगणकावरून थेट इंटरनेट रेडिओ

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरून दर रविवारी संध्याकाळी दोन तास भजनं, नाट्यगीतं आणि गावगप्पा असा कार्यक्रम इंटरनेटवर थेट ऐकवायचा आहे. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, घरची घुमट आरतीही (घुमट हे मातीचं तालवाद्य) ऐकवायची आहे. ऐकणारे चाळीसेक असतील, मुंबई-पुण्याला गेलेले आणि काही दुबई-मस्कतला. घरच्या विंडोज संगणकावर आइसकास्ट हा श्रोत्यांना आवाज वाटणारा सर्व्हर-प्रोग्रॅम बसवला, राउटरमध्ये ८००० नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडलं. घरातल्या मोबाइलवर आवाज येतो, बाहेर मात्र कुणालाच येत नाही. शिवाय जो येतो त्यात बारीक घरघर आहे.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी पहिलं पाहू.

घरच्या वाय-फायवरच्या मोबाइलवर ऐकू आलं ही चाचणीच नव्हे. तो मोबाइल आणि संगणक एकाच राउटरखाली आहेत, आवाज घराबाहेर पडलेलाच नाही. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर ऐकून बघा, ती खरी चाचणी. मग राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून जो पत्ता दिसतो तो लिहून घ्या आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान किंवा १०, १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्याने तुम्हाला सीजी-नॅटच्या मागे ठेवलं आहे. जगाला दिसणारा एकच पत्ता शेकडो घरं वाटून वापरतात. बाहेरून ८००० नंबरवर कुणी आलं तर ते कोणत्या घराचं हे पुरवठादाराच्या यंत्राला कळत नाही आणि ते दार तिथेच बंद होतं. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्टं उघडा, अडसर तुमच्या घराच्या बाहेर आहे. १००.६४ चा हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला, त्यामुळे तो दिसला की शंका उरत नाही. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यावर काही वेळा वाट मोकळी असते, पण ऐकणाऱ्याकडेही आयपीव्ही-६ हवं, आणि चाळीस जणांत ते कुणाकडे आहे हे विचारत बसणं नको.

जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो. तरीही तो मार्ग मी सुचवणार नाही. इंटरनेट रेडिओत प्रत्येक श्रोत्याला आवाजाची वेगळी प्रत जाते. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ हजार बिटांचा) प्रवाह चाळीस जणांना म्हणजे ५,१२० केबीपीएस, साधारण ५ एमबीपीएस अपलोड, दोन तास सलग, एक सेकंदही न चुकता. फायबरला हे जड नाही. पण त्याच वेळी घरातल्या कुणी फोटो चढवायला घेतले किंवा सीसीटीव्ही क्लाउडवर जात असला तर चाळीसच्या चाळीस जण एकदम अडखळतात. राउटर एकदा बंद होऊन चालू झाला की सगळे बाहेर फेकले जातात, आणि त्यातले निम्मे परत येत नाहीत.

म्हणून कामाची वाटणी बदला. घरच्या संगणकाने फक्त सोर्स व्हायचं: आवाज घ्यायचा, एमपी-३ करायचा आणि एकच प्रत बाहेर पाठवायची. वाटप करणारा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, मुंबई किंवा बंगळूरच्या डेटा सेंटरमध्ये. घरातून सर्व्हरकडे जाणारी जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे सीजी-नॅट तिला अडवत नाही. राउटरला हातही लावावा लागत नाही. आधी उघडलेलं पोर्ट बंद करून टाका.

सर्व्हर

आइसकास्टला ताकद फारशी लागत नाही, कारण तो आवाजावर कसलीही प्रक्रिया करत नाही, आलेले बाइट फक्त वाटतो. एक कोअर आणि १ जीबी रॅमचा सर्वांत स्वस्त लिनक्स सर्व्हर पुरतो, महिन्याला पाचशे रुपयांच्या आसपास. बघायचं ते डेटाकडे. १२८ केबीपीएसला एक श्रोता तासाला ५७.६ एमबी खातो. चाळीस श्रोते दोन तास म्हणजे एका रविवारी ४.६ जीबी, ते काहीच नाही. पण उत्साहाच्या भरात चोवीस तासांचं स्टेशन केलंत आणि चाळीस जण कायम राहिले तर महिन्याला १.६६ टीबी होतात, आणि तेव्हा प्लॅनची मर्यादा वाचावी लागते.

उबंटू किंवा डेबियनवर आइसकास्ट-२ हे पॅकेज मिळतं. बसवताना ते होस्टनाव आणि तीन पासवर्ड विचारतं: सोर्स, रिले, अ‍ॅडमिन. ही पायरी एंटर दाबत पुढे ढकलू नका. मूळचा पासवर्ड ‘हॅकमी’ असा आहे आणि तो जगाला माहीत आहे. असे सर्व्हर शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात, आणि एका सकाळी तुमच्या भजनाच्या पत्त्यावर दुसऱ्याच कुणाची गाणी लागलेली सापडतात.

मग सेटिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये चार गोष्टी बघायच्या. क्लायंट्सची मर्यादा मुळात १०० असते, तुम्हाला ती पुरे. होस्टनाव म्हणून तुमचं डोमेन घाला. सोर्स टाइमआउट १० सेकंद असतो. घरचं नेट तुटल्यावर सर्व्हर एवढा वेळ जुनी जोडणी जिवंत समजतो. याच मुदतीत पुन्हा जोडायला गेलात तर ‘माउंटपॉइंट वापरात आहे’ असं उत्तर मिळतं (माउंट म्हणजे सर्व्हरवरचं तुमच्या प्रवाहाचं नाव). पासवर्ड चुकला असं समजून लोक सेटिंगं उलटीपालटी करत बसतात. दहा सेकंद थांबा, आपोआप जोडलं जातं.

चौथी गोष्ट बर्स्ट साइज, मुळात ६५,५३५ बाइट. नवा श्रोता आला की सर्व्हर एवढा साठवलेला आवाज त्याच्या हातात एकदम ठेवतो, म्हणून बटण दाबताच वाजायला लागतं. १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट, तेव्हा हा साठा चार सेकंदांचा. प्रवाह ६४ चा केलात तर तोच साठा आठ सेकंदांचा होतो. त्यामुळे दर्जा कमी केला की उशीर वाढतो, आणि ‘आता तर हलकं केलं, मग मागे का पडतं?’ याचं उत्तर इथे आहे. श्रोत्याच्या प्लेयरचा स्वतःचा साठा वेगळा. एकूण दहा ते तीस सेकंदांचा उशीर धरूनच चालायचं, तो दोष नव्हे.

फायरवॉल दोन ठिकाणी असू शकते: सर्व्हरच्या आत आणि भाड्याने देणाऱ्याच्या पॅनेलवर. दोन्हीकडे ८००० उघडा. अ‍ॅडमिनचं पान उघडलं आणि तुमचं माउंट दिसलं की सर्व्हरचं काम झालं. माउंटचं नाव स्लॅशने सुरू होतं, ते साधं ठेवा, इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा नको.

हे झाल्यावर एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद सुरक्षित जोडणी, लावा. ही पायरी ऐच्छिक समजू नका. तुमचं पान एचटीटीपीएसवर असेल आणि त्यातला आवाज साध्या एचटीटीपीवरून येत असेल तर आजचे ब्राउझर तो वाजवायला नकार देतात, आणि श्रोत्याला कारणही सांगत नाहीत. आइसकास्टच्या समोर एनजिनएक्स किंवा कॅडी हा वेब-सर्व्हर बसवून लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र घ्या. त्याची मुदत मर्यादित असते, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होतं ना ते पहिल्या दिवशीच तपासा. एनजिनएक्स वापरलात तर या वाटेवरचं प्रॉक्सी बफरिंग (आवाज आधी साठवून मग पुढे देणं) बंद करा. एक फायदा असाही की प्रवाह ४४३ नंबरच्या पोर्टवरून जातो. कचेऱ्यांच्या नेटवर ८००० बऱ्याचदा बंद असतं, ४४३ नसतं. गोव्यातले सात म्हणजे दुबई-मस्कतला साडेपाच, आणि मस्कतला रविवार कामाचा दिवस. तिकडचा पुतण्या कचेरीतूनच ऐकणार आहे.

लिनक्सची भीती वाटत असेल तर तयार रेडिओ-होस्टिंग घ्या, सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि पासवर्ड हातात मिळतो. घेताना श्रोत्यांची मर्यादा आणि एचटीटीपीएस आहे का, एवढंच विचारा. अझुराकास्ट हा फुकट संच प्लेलिस्ट, वेळापत्रक आणि श्रोत्यांची मोजणी सगळं एका पानावर देतो, पण त्याला किमान २ जीबी रॅमचा सर्व्हर द्या. आठवड्याला दोन तासांसाठी मला तो जड वाटतो.

घरचा संगणक

पाठवायला ‘बट’ हा छोटा, फुकट प्रोग्रॅम पुरतो. त्यात सर्व्हरचा प्रकार आइसकास्ट निवडा, पत्ता, पोर्ट, सोर्सचा पासवर्ड, माउंट आणि वापरकर्ता म्हणून ‘सोर्स’ घाला. तुटल्यावर पुन्हा जोडण्याचा पर्याय चालू ठेवा. रेकॉर्डचं बटण वेगळं असतं, ते दर वेळी दाबा. नेट गेलं तरी घरच्या डिस्कवर कार्यक्रम शाबूत राहतो. गाणी संगणकावरूनच लावायची असतील तर मिक्स्झ हा प्रोग्रॅम घ्या, त्यात थेट प्रक्षेपण आतच आहे आणि माइकवर बोललं की गाणं आपोआप खाली जातं.

विंडोजच्या चार खोड्या मात्र आधीच मोडाव्या लागतात. ध्वनीच्या सेटिंगमधली ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा. गोंगाट कमी करणारी ती सोय तंबोऱ्याचा सूर गोंगाट समजून पुसते आणि पेटीचा लांब स्वर मधेच बुडतो. ‘कम्युनिकेशन्स’ या भागात ‘काही करू नका’ हा पर्याय निवडा, नाहीतर फोन आला की विंडोज बाकी आवाज आपल्या मनाने खाली करतं. स्लीप आणि यूएसबीची वीज वाचवणारा पर्याय बंद करा. आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली जातात ते) सगळीकडे एकच ठेवा, ४४,१०० किंवा ४८,०००, पण विंडोजच्या पॅनेलमध्ये आणि बटमध्ये सारखा. एका ठिकाणी ४४ आणि दुसऱ्या ठिकाणी ४८ राहिलं की दर काही सेकंदांनी टिक् टिक् असा काटा ऐकू येतो आणि तो शोधण्यात लोकांच्या संध्याकाळी जातात.

राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल ओढा. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून वाय-फाय रडतखडतच जातं. केबलचे पन्नास-साठ मीटर म्हणजे काहीच नाही, १०० मीटरपर्यंत चालते.

घरघर

आता दुसरं दुखणं. मिक्सरकडून आलेली केबल संगणकाच्या कुठल्या भोकात घातली आहे ते बघा. गुलाबी असेल तर ती माइकची जागा. तिथे मिलिव्होल्टांतला आवाज अपेक्षित असतो आणि मिक्सर त्याच्या शेकडो पट देतो, त्यामुळे तो फाटतो. वर त्या जागी माइकसाठी बारीकसा व्होल्टेजही सोडलेला असतो. निळी जागा लाइन-इनची, ती योग्य. लॅपटॉपवर निळी नसतेच. पण दोन्हींपेक्षा चांगला मार्ग म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस. बेहरिंगरचा यूसीए-२२२ सारखा लाल डबा पुरतो, मिक्सरच्या ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’मधून दोन आरसीए पिना थेट त्यात जातात. मिक्सरलाच यूएसबी असेल तर तेही नको.

घरघर कुठून येते ते ओळखायला एक मिनिट लागतं. प्रक्षेपण चालू ठेवून इंटरफेसमधल्या आरसीए पिना उपसा. घरघर तशीच राहिली तर ती संगणकाच्या आत आहे, यूएसबीची जागा बदला, पुढची सोडून मागची घ्या. गेली तर ती मिक्सर आणि संगणक यांच्या अर्थिंगच्या वेटोळ्यातून येते: दोघेही तीन-पिनी प्लगने वेगवेगळ्या सॉकेटला लागलेले, वर आवाजाची केबल त्यांना तिसऱ्या वाटेने जोडते, आणि त्या वेटोळ्यात ५० हर्ट्झची वीज फिरते. पहिला उपाय फुकट आहे, दोघांनाही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. भागलं नाही तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज चुंबकीय वाटेने जातो आणि अर्थची तार तुटते. अर्थची पिन मोडून किंवा टेप लावून घरघर घालवायचा ‘उपाय’ कुणी सुचवला तर त्याच्या हातात मिक्सर देऊ नका. पावसात ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी माइक धरणारा भजनी मग स्वतःच अर्थ होतो.

जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं, किंवा तार आहे की नाही याची शंका असली, तर आधी वायरमन बोलवा, रेडिओ नंतर.

खारी दमट हवा आरसीएच्या पिना हळूहळू काळ्या करते. एका बाजूचा आवाज ये-जा करू लागला तर केबल टाकू नका, पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून चार वेळा फिरवून बसवा.

घुमट, शामेळ आणि कासाळे

एका माणसाच्या बोलण्याला काहीच लागत नाही: साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. कंडेन्सर माइक बंद खोलीत छान, पण त्याला ४८ व्होल्टांचा फँटम पुरवठा लागतो आणि तो शेजारच्या कोंबड्यालाही गायक समजतो.

घुमट आरती ही वेगळी गोष्ट आहे. मातीच्या मडक्याचं मोठं तोंड चामड्याने मढवलेलं, लहान तोंड उघडं, आणि वाजवणारा डाव्या हाताने ते उघडं तोंड झाकत-सोडत घुमारा बदलतो. त्या तोंडातून आवाजाबरोबर हवेचा फटकाही येतो. माइक नेमका तिथे धरला की प्रत्येक थापेला ‘भप्प’ होतं आणि घुमारा हरवतो. माइक चामड्याच्या बाजूला धरा, दीड-दोन फूट लांब, थोडा वरून. शामेळाला, त्या नगाऱ्यासारख्या वाद्याला, वेगळा माइक देऊ नका, तो काठ्यांनी वाजतो आणि सगळ्या माइकांत आपली जागा स्वतःच करतो. कासाळ्यांचं, म्हणजे काशाच्या झांजांचं, काय करायचं, तर ती वाजवणाऱ्यांना माइकच्या पाठीमागे उभं करा. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, माइक मागून कमी ऐकतो. गाणाऱ्यांसाठी दुसरा माइक, मधोमध, तोंडांच्या उंचीवर, आणि गाणारे अर्धवर्तुळात. दोन माइक पुरतात. चार लावले की एकच आवाज चार वेगवेगळ्या क्षणी पोचतो आणि सगळं डब्यात बोलल्यासारखं होतं.

पातळी ठरवताना आरतीची सुरुवात बघून ठरवू नका. शेवटची लय चढते तेव्हाचा आवाज सुरुवातीच्या दुप्पट-तिप्पट असतो. तालमीत त्यांना शेवटचंच म्हणायला सांगा आणि बटमधला मीटर तेव्हा उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. शून्याला टेकला की आवाज कापला जातो आणि कापलेला पुन्हा जोडता येत नाही. बटमध्ये कॉम्प्रेसर आहे, तो हलका वापरा. जोरात लावला तर दोन थापांमधल्या शांततेत पंख्याची घरघर फुगून वर येते.

कासाळ्यांमुळेच बिटरेटही (सेकंदाला किती बिट पाठवायचे ते) ठरतो. ६४ केबीपीएसच्या एमपी-३ मध्ये माणसाचं बोलणं चालतं, पण काशाचा आवाज पाण्यात बुडवून काढल्यासारखा सळसळतो, कारण उंच, सतत बदलणाऱ्या कंपनांना सर्वाधिक बिट लागतात आणि तिथेच काटकसर होते. नुसत्या गप्पांना ६४ मोनो, भजनाला ९६ मोनो, घुमट आरतीला १२८ स्टिरिओ. मोनोला कमी लेखू नका, ९६ मोनो हे १२८ स्टिरिओपेक्षा प्रत्येक वाहिनीला जास्त बिट देतं. एएसी आणि ओपस हे एमपी-३ नंतरचे प्रकार कमी बिटांत चांगले वाजतात हे खरं. पण जुन्या आयफोनवर ऑग-ओपस वाजत नाही, आणि विंडोजवर बटला एएसीसाठी वेगळी लायब्ररी फाइल द्यावी लागू शकते. काकांच्या फोनवर वाजायचं असेल तर एमपी-३.

आरती मंडपात असेल आणि संगणक घरात, तर मिक्सर मंडपात ठेवून तिथून एक्सएलआरची बॅलन्स्ड केबल आणा. पन्नास मीटरला काही होत नाही. आरसीएची केबल तीन-चार मीटरच्या पुढे रोषणाईच्या माळांची घरघर उचलते, आणि यूएसबी पाच मीटरच्या पुढे चालत नाही. माळांची वायर आणि आवाजाची केबल शेजारी-शेजारी ओढू नका, ओलांडायचीच असली तर काटकोनात.

वीज आणि पाऊस

चवथ म्हणजे पाऊस, आणि पाऊस म्हणजे लाइट जाणार, हे धरूनच आखणी करा. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो. लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी आहेच. विसरला जातो तो राउटर आणि भिंतीवरचा फायबरचा डबा. संगणक चालू, मिक्सर चालू आणि नेट गेलेलं, ही नेहमीची गंमत. दोघांच्या अडॅप्टरवर व्होल्टेज वाचा, बऱ्याचदा १२ असतो, आणि त्या मापाचा छोटा डीसी यूपीएस घ्या. तो तीन-चार तास आरामात काढतो.

गडगडाट जवळ आला तर प्रक्षेपण थांबवा आणि प्लग उपसा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, ती अडॅप्टरमधून आणि घराबाहेरून ओढलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून येते. मंडपापर्यंत लॅन केबल उघड्यावरून टाकली असेल तर ती दोन्ही टोकांना काढा.

राखीव म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट ठेवा. घरातून एकच प्रत जाते, त्यामुळे १२८ ला तासाला ५७.६ एमबीच लागतात. मात्र जत्रेच्या गर्दीत त्यावर विसंबू नका, एका टॉवरवर हजारो फोन आले की अपलोड आधी मरतं. तिथे ६४ वर उतरा.

घरची जोडणी तुटल्यावर श्रोते बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून सर्व्हरवर फॉलबॅक, म्हणजे राखीव आवाज, लावा. एक तंबोऱ्याची फाइल सर्व्हरवर ठेवून मुख्य माउंटचा फॉलबॅक म्हणून तिचं नाव द्यायचं आणि ‘ओव्हरराइड’ चालू करायचं. नेट गेलं की सगळे तंबोऱ्यावर जातात, तुम्ही परतलात की आपोआप परत येतात. अट एकच: फाइलचा प्रकार, बिटरेट, सॅम्पल रेट आणि मोनो-स्टिरिओ मुख्य प्रवाहासारखेच हवेत. मुख्य प्रवाह १२८ स्टिरिओ आणि तंबोरा ६४ मोनो असला तर बऱ्याच प्लेयरांचा घसा तिथेच बसतो.

फोन आणि हक्क

श्रोत्याला थेट फोनवर घ्यायचं असेल तर त्याला आधी रेडिओ बंद करायला सांगा. वीस सेकंदांपूर्वीचा स्वतःचा आवाज ऐकत कुणालाच बोलता येत नाही. शिवाय त्याच्याकडे परत जाणाऱ्या आवाजात त्याचाच आवाज नको, मिक्सरच्या ऑक्स सेंडवर (आवाज वेगळ्या वाटेने बाहेर पाठवणाऱ्या बटणावर) त्याची पट्टी शून्यावर ठेवा. माझं मत विचाराल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप मागवा आणि मिक्स्झमधून लावा. कटकट निम्मी होते आणि नको ते आधी ऐकून गाळता येतं.

हक्कांचं थोडक्यात. इंटरनेटवर ऐकवायला एफएमसारखा प्रक्षेपण परवाना लागत नाही. पण तोच आवाज वाड्यापुरता म्हणून छोट्या एफएम ट्रान्समीटरला जोडू नका. हवेतली लहर सोडायची तर पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या आकाशवाणीपासून कुणालाही परवानगी हवीच. गाण्यांचा प्रश्न वेगळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डी मधली रेडिओसाठीची वैधानिक सवलत इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. त्यामुळे बाजारातली ध्वनिमुद्रणं लावायची तर शब्द-संगीतासाठी आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची संस्था) आणि ध्वनिमुद्रणासाठी त्याचा मालक किंवा पीपीएल (ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था), अशा दोन्ही परवानग्या लागतात. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण कुण्या गायकाने गायलेल्या त्या अभंगाचं ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं, प्रकाशनानंतर ६० वर्षं. गावच्या मंडळींनी स्वतः गायलेले अभंग हा सर्वांत सोपा रस्ता. त्यांच्याही हक्कासाठी ‘थेट ऐकवायला आणि रेकॉर्डिंग ठेवायला हरकत नाही’ असं दोन ओळींत लिहून घ्या.

त्या संध्याकाळी

एक तास आधी सगळं चालू करा, कार्यक्रम नसला तरी. विंडोजला अपडेट करून पुन्हा सुरू व्हायचं असेल तर ते तेव्हाच होऊन जाऊ दे. बट जोडा, रेकॉर्ड दाबा, तंबोरा लावून ठेवा. मग एक जुना फोन मोबाइल डेटावर, हेडफोन लावून, एका माणसाच्या हातात द्या आणि त्याला माइकपासून दूर, शक्यतो बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसवा. स्पीकरवर ऐकणारा फोन माइकजवळ आला की वीस सेकंदांचा प्रतिध्वनी फिरत राहतो. या माणसाचं काम एकच: आवाज थांबला, फाटला किंवा एका कानात आला तर हात वर करायचा. मीटर हलतोय म्हणजे आवाज जातोय असं समजू नका, मीटर घरातला आवाज दाखवतो.

ग्रुपवर दुवा पाठवताना तो एचटीटीपीएसपासून पूर्ण असू द्या. संपवताना आवाज हळूहळू खाली आणून दहा सेकंद शांतता द्या, आधी प्रक्षेपण थांबवा, मग रेकॉर्डिंग. श्रोते अजून वीस सेकंद मागे आहेत, म्हणून माइक बंद झाल्याची खात्री होईपर्यंत सादरीकरण कसं झालं यावर कुणी तोंड उघडू नये.